‘फिट’ की ‘अनफिट’, एवढ्यावर थांबू नका: वैद्यकीय प्रमाणपत्र देणाऱ्यांना आणि त्यावर निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वयस्कर कर्मचाऱ्यांची कामासाठी तपासणी करणारे डॉक्टर, वैद्यकीय मंडळे आणि त्यांच्या प्रमाणपत्रावर निर्णय घेणारी व्यवस्थापने यांस,

स. न. वि. वि.

पंचावन्न-साठीच्या पुढच्या माणसाला मधुमेह, संधिवात, दमा किंवा हृदयविकार असला आणि त्याच्या कामाचा प्रश्न निघाला, की आपल्याकडून एक कागद मिळतो. त्यावर आजाराचे नाव असते, औषधांची यादी असते आणि खाली ‘फिट’, ‘अनफिट’ किंवा ‘हलके काम द्यावे’ यांपैकी एक शेरा. आम्ही दीर्घ आजारांच्या वयस्कर रुग्णांबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि परिचारिका आहोत. त्या शेऱ्याच्या पुढे त्या माणसाचे रोजचे काय होते, ते आमच्यासमोर असते. म्हणून आमची एकच मागणी आहे. हा माणूस कोणते काम, दिवसाच्या कोणत्या वेळी, सलग किती वेळ आणि कशाच्या आधाराने करू शकतो, हे त्या कागदावर लिहा. हे मोजता येते. त्याला अर्धा तास पुरतो आणि घड्याळ, खुर्ची, मोजपट्टी, रक्तदाबाचे यंत्र यांच्यापलीकडे फारसे काही लागत नाही.

आजाराच्या नावावरून कामाबद्दल फार थोडे कळते. गुडघ्याची झीज झालेल्या माणसाचा सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत जातो; दुखणे वापराबरोबर वाढत जाते आणि संध्याकाळी जोर धरते. आमवातात नेमके उलटे. सकाळी बोटे तासभर, कधी त्याहून जास्त वेळ वळत नाहीत आणि दुपारपर्यंत हात मोकळे होतात. कागदावर मात्र दोघांच्याही नावापुढे ‘सांधेदुखी’ असते आणि दोघांनाही सारखीच सवलत मिळते, जी एकाच्याही उपयोगाची नसते. पहिल्याला लवकर येऊन लवकर जाऊ द्यायला हवे, दुसऱ्याला दोन तास उशिरा येऊ द्यायला हवे. कामाचे एकूण तास दोघांचेही तेवढेच राहू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या जोडीला कार्यक्षमतेचे वेगळे वर्गीकरण स्वीकारले. माणसाला काय करता येते आणि भोवतालची जागा, साधने व माणसे त्याला मदत करतात की अडवतात, याची नोंद निदानापासून वेगळी करायची, हा त्यामागचा विचार. त्याला दोन दशके उलटून गेली, तरी प्रमाणपत्राचा नमुना निदानापाशीच अडकलेला आहे.

घड्याळाबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथे होते आणि दुरुस्ती सर्वांत सोपी इथेच आहे.

हृदय कमकुवत असलेल्या माणसाला लघवी वाढवणारी गोळी असते. फ्युरोसेमाइड घेतले तर तासाभरात लघवीची घाई सुरू होते आणि पुढचे चार ते सहा तास ती राहते. सकाळी सातला गोळी घेऊन आठला बसमध्ये बसणे त्याला शक्यच नसते. मग तो काय करतो? कामाच्या दिवशी गोळी टाळतो आणि सुट्टीच्या दिवशी घेतो. आठवडाभरात पायांवर सूज येते, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढते, रात्री आडवे झाल्यावर धाप लागते आणि प्रकरण रुग्णालयात जाते. नोंद होते ती ‘रुग्ण औषधे नियमित घेत नाही’ अशी. प्रत्यक्षात त्याची गोळीची वेळ आणि कामाची वेळ एकमेकींवर आदळत होत्या आणि ते कोणी विचारलेच नव्हते. डॉक्टरांनी ही गोळी कामावर पोहोचल्यानंतरच्या किंवा दुपारच्या वेळेवर आणली आणि व्यवस्थापनाने त्याची जागा शौचालयाजवळ दिली, तर प्रश्न बहुतेक वेळा सुटतो. फक्त ती फार उशिरा, संध्याकाळी देऊ नये. रात्री चार वेळा उठावे लागले की अंधारात पडण्याचा धोका वाढतो.

पार्किन्सनमध्ये तर माणसाची क्षमता तासागणिक बदलते. लेव्होडोपा या त्यावरच्या गोळीचा परिणाम ओसरत आला की हात जड होतात, सही बारीक होत जाते, खुर्चीतून उठायला दोन-तीन प्रयत्न लागतात. पुढची गोळी लागू पडली की तोच माणूस पुन्हा चालता-बोलता होतो. आजार जुना झाला की हे अंतर तीन-चार तासांवर येते. अशा माणसाची तपासणी गोळी ओसरताना झाली तर तो अनफिट ठरतो, गोळी चढलेली असताना झाली तर फिट. दोन्ही निकाल त्या क्षणापुरते खरे असतात. ही गोळी प्रथिने जास्त असलेल्या जेवणासोबत घेतली तर तिचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून ती साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगतात. याचा अर्थ त्याची जेवणाची सुट्टी बैठकीमुळे पुढे ढकलली, तर त्याची अख्खी दुपार हातची जाते. गोळीची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी चुकली तरी फरक पडणारे रुग्ण असतात. त्यांना घड्याळाकडे पाहून बैठकीतून उठण्याची मुभा लेखी हवी. तोंडी मुभा वरिष्ठ बदलला की संपते.

मधुमेहात धोका साखर वाढण्याइतकाच, आणि कामाच्या वेळेत त्याहून जास्त, ती उतरण्याचा असतो. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्याचे जेवण तासभर लांबले किंवा अचानक जास्त शारीरिक काम पडले की साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. तरुणाला थरथर आणि धडधड जाणवते. वयस्कर माणसात तीच लक्षणे पुसट असतात. तो गोंधळतो, चिडतो, बोलताना अडखळतो आणि भोवतालच्यांना वाटते की याला विसरायला होते आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणखी दबते. घाम तेवढा येतो, म्हणून सहकाऱ्यांनी घामाकडे लक्ष ठेवायचे. उपाय ठरलेला आहे: शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढेच, आणि साखर वर आल्यावर जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. हे एका पानावर लिहून त्याच्या टेबलाच्या खणात ठेवावे आणि शेजारच्या दोघांना सांगून ठेवावे. अनेकदा उपचाराचे लक्ष्यच वयाला न शोभेल इतके कडक ठेवलेले असते. अनेक आजार असलेल्या, थकलेल्या वयस्कर रुग्णात एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८ टक्क्यांच्या आसपास ठेवणे पुष्कळदा पुरेसे धरले जाते. सातच्या खाली आणण्याच्या नादात साखर वारंवार उतरत असेल, तर कामाची अडचण आजाराने नव्हे, उपचाराने निर्माण केलेली असते.

आता दुसरी गोष्ट, जी प्रमाणपत्रावर कधीच दिसत नाही. कामावर येण्याआधी या माणसाने घरी बरेच काम केलेले असते आणि त्यात त्याची बरीच ताकद खर्ची पडलेली असते. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्याला आंघोळ, डोके पुसणे आणि कपडे घालणे ही तीन कामे दिवसातली सर्वांत जड कामे ठरतात. हात खांद्याच्या वर गेले की छातीचे जे स्नायू श्वासाला मदत करत असतात ते हाताच्या कामात गुंततात आणि धाप वाढते. वाफ कोंडलेल्या न्हाणीघरात ती आणखी वाढते. धापेच्या सर्वमान्य मोजणीत शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत: सपाट रस्त्यावर शंभर मीटर चालून थांबावे लागते ती तिसरी, कपडे घालताना धाप लागते ती चौथी. ‘जिना चढता का?’ एवढेच विचारून ही चौथी पायरी सापडत नाही, कारण असे पुष्कळ जण जिना टाळायला केव्हाच शिकलेले असतात. ‘आंघोळीनंतर किती वेळ बसावे लागते?’ हे विचारा. उत्तर वीस मिनिटे असेल तर सकाळी नऊची वेळ त्याच्यासाठी चुकीची आहे.

आंघोळीचा भार हलका करता येतो आणि तो करणे हा कामावर टिकण्याचाच भाग आहे. पाठ असलेले, पाय न घसरणारे स्टूल, कोमट पाणी, दार किंचित उघडे, लांब दांड्याचा ब्रश, म्हणजे वाकायला आणि हात वर न्यायला नको, पुसत बसण्याऐवजी टॉवेलच्या कापडाचा अंगरखा घालून पाच मिनिटे बसणे, कपडे आदल्या रात्री घालण्याच्या क्रमाने ठेवणे, खालचे कपडे बसूनच घालणे. श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा. जोर लावायची हालचाल श्वास सोडताना करायची. धरायला भिंतीत नीट ठोकलेला दांडा हवा. टॉवेल टांगायच्या दांडीचा आधार घेऊ नये. ती माणसाच्या वजनासाठी बसवलेली नसते आणि नेमकी तोल जाताना उखडून हातात येते.

स्वतःच्या देखभालीच्या मूळ क्रियांची यादी सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दिली: आंघोळ, कपडे, शौचालय, उठ-बस, मलमूत्रावर ताबा, खाणे. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी तिच्या वरची पायरी मांडली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे, पैशांचा व्यवहार. क्षमता सहसा वरच्या यादीतून आधी निसटते. म्हणून जो माणूस अजून उत्तम चालतो पण गोळ्यांचे डबे चुकीचे भरतो किंवा एकच बिल दोनदा भरतो, त्याला कामावरही मदत लागणार आहे: एका वेळी एकच काम, सूचना लेखी, मध्येच अडथळे कमी. आणि अशा वेळी स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारण्याआधी साखर, थायरॉइड, बी १२, ऐकू येणे, झोप, उदासपणा आणि औषधे तपासा. झोपेसाठी किंवा सर्दीसाठी घेतलेली जुन्या पिढीतली ॲलर्जीची गोळीसुद्धा वयस्कर माणसाला दुसऱ्या दिवशी गोंधळलेला ठेवू शकते आणि प्रोस्टेट वाढलेला असेल तर लघवी अडवू शकते. ती गोळी औषधांच्या यादीत नसते, कारण ती त्याने स्वतःच आणलेली असते.

मोजणी कशी करावी, तेही सांगतो. साधने साधी आहेत, पण चुका ठरलेल्या आहेत.

खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. नेहमीची चप्पल किंवा बूट, नेहमीची काठी, नेहमीचा वेग. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरावा. हात छातीवर बांधून पाच वेळा उठ-बस: १५ सेकंदांहून जास्त म्हणजे पायांची ताकद अपुरी. चार मीटर सरळ चालायला पाच सेकंद किंवा जास्त, म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर किंवा कमी, हा वेग मंद धरावा. हा आकडा रस्त्यावर नेऊन पाहा. पादचाऱ्यांच्या सिग्नलचा हिशेब अनेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरून करतात. १२ मीटरचा रस्ता त्या हिशेबाने दहा सेकंदांत ओलांडायचा असतो, या माणसाला पंधरा लागतात. त्याचा कामावर येण्याचा रस्ता असे दोन चौक ओलांडून जात असेल तर ते त्याच्या कामाबद्दलचे महत्त्वाचे तथ्य आहे. रक्तदाब बसून एकदा घेऊन थांबू नका: पाच मिनिटे आडवे ठेवून, मग उभे केल्यावर एका आणि तीन मिनिटांनी घ्या. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर शिडी, उंचावरचे काम आणि झटकन वाकून उठणे बंद, आणि औषधांचा फेरविचार.

चुका अशा होतात. हाताच्या खुर्चीवर एकदा आणि बिनहाताच्या खुर्चीवर दुसऱ्यांदा मोजणी होते आणि ‘सुधारणा’ किंवा ‘घसरण’ दिसते ती खुर्चीची असते. तपासणारा ‘भरभर चाला’ म्हणतो आणि रुग्ण नोकरी वाचवण्यासाठी जीव तोडून चालतो. तपासणीसाठी उपाशीपोटी बोलावलेले असते, म्हणून सकाळची औषधे घेतलेली नसतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे एकदाच मोजणे. थकवा एका फेरीत दिसत नाही. पाच वेळा उठ-बस सकाळी घ्या, काम संपल्यावर पुन्हा घ्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त एवढे विचारा की कालचा थकवा झोपेनंतर गेला का. नसेल गेला, तर कालचे काम त्याच्या आवाक्यापलीकडचे होते, मग त्याने ते पूर्ण केले असले तरी.

गुडघ्यांची झीज, इन्सुलिनवरचा मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या, गोदामात नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचे प्रमाणपत्र आम्हाला असे वाचायला मिळावे:

‘सपाट जमिनीवर सलग १० मिनिटे चालू शकतात, नंतर ५ मिनिटे बसणे आवश्यक. सलग उभे राहणे १५ मिनिटांपर्यंत. जिना दिवसातून दोनदा, कठडा धरून. उतरताना हातात ओझे नको. उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे टाळावे. कंबर ते छाती या उंचीवरचे ५ किलोपर्यंतचे ओझे उचलू शकतात, जमिनीवरचे नाही. जेवणाची वेळ दुपारी १, जास्तीत जास्त अर्धा तास पुढे. ग्लुकोज जवळ ठेवणे आवश्यक. शिडीवरचे काम नको, कारण उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो. हातांची, ५० सेंटिमीटर उंचीची खुर्ची द्यावी. मोजणी सकाळी १० वाजता, नाश्ता आणि औषधे घेतल्यानंतर, आणि सायंकाळी ५ वाजता पुन्हा. फेरतपासणी तीन महिन्यांनी.’

यातली प्रत्येक ओळ पाळता येते आणि पाळली की नाही ते पाहता येते. ‘हलके काम द्यावे’ या शेऱ्याचे तसे नाही. त्या शेऱ्यावर माणसाला बहुधा प्रवेशद्वाराशी किंवा काउंटरवर उभे केले जाते. ओझे नसते म्हणून ते काम हलके दिसते, पण झिजलेल्या गुडघ्यांना, सुजणाऱ्या पायांना आणि उभे राहिल्यावर उतरणाऱ्या रक्तदाबाला एका जागी उभे राहण्यासारखे वाईट दुसरे काही नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात, उभ्या माणसात ते काम थांबते. दुसरे टोक म्हणजे आठ तास खुर्चीत. त्याने सांधे आखडतात. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे उठणे हे औषधासारखे लिहून द्यावे.

व्यवस्थापनांना आमचे सांगणे असे की खर्चाचा विचार करण्याआधी खुर्ची पाहा. आसन जितके उंच, तितका उठताना गुडघ्यावरचा ताण कमी; नेहमीच्या ४५ सेंटिमीटरऐवजी ५० केले तर बऱ्याच जणांचे दुसऱ्याचा हात धरून उठणे थांबते. उंची वाढवायला मऊ उशी ठेवू नका, माणूस तिच्यात रुततो आणि फायदा निघून जातो. कडक फोम किंवा पायांखाली ठोकळे हवेत. खुर्चीचे हात आसनाच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत. आणि खुर्चीखाली खोकी, कचऱ्याचा डबा, वायरींचा गुंता ठेवू नका: उठताना पाय मागे, आसनाखाली न्यावे लागतात, तिथे जागा नसेल तर सशक्त माणसालाही झोका द्यावा लागतो. जिना उतरताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो, म्हणून एकच फेरी देता येत असेल तर लिफ्ट उतरण्यासाठी द्या. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात आणि मूठ उभ्या माणसाच्या मनगटाच्या घडीच्या उंचीवर. चुकीच्या हातात धरलेल्या काठ्या आम्ही रोज पाहतो.

उजेड. साठीच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या डोळ्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. पण नुसता मोठा दिवा लावला तर मोतीबिंदू असलेल्याला चकाकीने उलट कमी दिसते. दिवा बाजूने, कागदावर पडणारा, डोळ्यांना थेट न दिसणारा हवा. ऐकण्याचेही तसेच: ओरडल्याने शब्द फाटतात, समोर येऊन, चेहरा उजेडात ठेवून, थोडे सावकाश बोलले की पुरते.

शौचालयाचा विषय प्रमाणपत्रात नसतो, कारण रुग्ण तो काढत नाही आणि डॉक्टर विचारत नाहीत. शौचालय दोन मजले दूर असेल तर माणूस पाणी पिणे सोडतो. त्यातून बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, चक्कर आणि गरमीत मूत्रपिंडावर ताण. लघवीची गोळी चालू असेल तर आणखी लवकर. विचारण्याची रीत साधी आहे: ‘कामावर असताना पाणी कमी पिता का? का?’ दर दोन-अडीच तासांनी, घाई लागण्याआधीच जाण्याची ठरलेली वेळ आणि वापरता येईल असे शौचालय जवळ, एवढ्याने कितीतरी जणांची अकाली निवृत्ती टळू शकते.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विशेष विनंती. कामावर टिकण्यासाठी माणूस रोज आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेत राहतो. त्याने अंगात पाणी साठते, रक्तदाब वाढतो, हृदय कमकुवत असेल तर धाप वाढते. सोबत रक्तदाबाची एसीई इन्हिबिटर गटातली किंवा तिच्यासारखे काम करणारी गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल तर हे त्रिकूट मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकते, विशेषतः जुलाब-उलट्यांच्या दिवसांत. ‘दुखण्यासाठी काय घेता आणि आठवड्यातून किती वेळा?’ हा प्रश्न दर भेटीत हवा. दुखणे ज्या कामाने वाढते ते काम बदलल्याशिवाय ही गोळी बंद होणार नाही, हेही तितकेच खरे.

रजेबद्दल. ‘पूर्ण विश्रांती’ लिहिताना हात आखडता घ्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वयस्कर स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. ते निरोगी होते. आजारातून उठलेल्या माणसाला महिनाभर झोपवून नंतर एका सकाळी पूर्ण पाळीवर बोलावले तर तो टिकत नाही आणि मग ‘जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. परत येणे टप्प्याटप्प्याने असावे: पहिल्या आठवड्यात निम्मे तास, मधला एक दिवस मोकळा, पुढे दर आठवड्याला दिवसाचा एक तास वाढवायचा, सलग दोन सकाळी थकवा उरला तर मागच्या आठवड्याच्या तासांवर परत जायचे आणि तिथून पुन्हा सुरू करायचे. रजेतही दिवसातून तीन वेळा उठ-बस आणि थोडे चालणे लिहून द्या.

काही कामे खरोखरच थांबवायला हवीत, हे आम्ही नाकारत नाही. जिचे कारण सापडलेले नाही अशी बेशुद्धी, पूर्वसूचना न देता उतरणारी साखर, दिवसा डोळा लागणारी झोपेची व्याधी असताना वाहन चालवणे, उंचावर चढणे किंवा फिरत्या यंत्राशेजारी उभे राहणे नको. पण मनाई त्या कामाला असावी, माणसाला नसावी आणि तिच्यावर फेरतपासणीची तारीख असावी. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क कराराने कामाच्या ठिकाणी वाजवी फेरबदल करण्याचे तत्त्व मांडले आहे आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या शारीरिक मर्यादा त्याच्या कक्षेत येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची वयस्कर कामगारांविषयीची शिफारस तर १९८० ची आहे. कामाची पद्धत, जागा आणि वेळ माणसाला जुळवून घेण्याची भाषा तिच्यात आहे.

ज्यांना नोकरी नाही त्यांनाही हे सगळे लागू आहे. घर चालवणारी, आजारी जोडीदाराची देखभाल करणारी वयस्कर स्त्री तपासणीला येते तेव्हा ‘काम’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहिले जाते. ती दिवसभर उभी असते, बादल्या उचलते, दुसऱ्या माणसाला अंथरुणातून उठवते. तिच्या मणक्याची हाडे ठिसूळ असतील तर वाकून उचलणे हा तिचा सर्वांत मोठा धोका आहे आणि तिला रजा देणारे कोणी नाही. तिच्या कागदावरही उचलायचे वजन, उभे राहायची मिनिटे आणि कोणते काम दुसऱ्याने करायचे, हे लिहा, म्हणजे घरातले इतर ते वाचतील.

तेव्हा प्रमाणपत्राच्या नमुन्यात पाच गोष्टी घाला: रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगितलेली दिवसभराच्या कामांची यादी, जागे झाल्यापासून; औषधांच्या वेळा कामाच्या वेळांशेजारी; दोन वेळा घेतलेली मोजणी, वेळ आणि खुर्चीच्या नोंदीसह; काय, किती वेळ, कशाच्या आधाराने, अशी वाक्ये; आणि फेरतपासणीची तारीख. व्यवस्थापनांनी या कागदाची पोच पंधरा दिवसांत द्यावी: कोणती ओळ अमलात आली, कोणती नाही आणि का नाही. ही पोच डॉक्टरांकडेही जावी. खुर्ची आलीच नाही हे फेरतपासणीच्या वेळी माहीत नसेल, तर गुडघा बिघडल्याचा दोष पुन्हा वयावर जाईल.

कळावे,

आपले,
दीर्घ आजारांच्या वयस्कर रुग्णांबरोबर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि परिचारिका